पूडल घ्यायचाय? मग विंचरणार कोण, ते आधी ठरवा!

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. “अगं, लेकीला वाढदिवसाला कुत्रा हवाय. तोही पूडलच! केस गळत नाहीत म्हणे त्याचे. सोफ्यावर केस नाहीत, घरात कचरा नाही. शिवाय दिसतो कसा, अगदी टेडी बेअर! तुझ्याकडे आहे ना? घेऊ का गं? हो की नाही, एका शब्दात सांग.”

एका शब्दात मला काही सांगता येईना. ‘केस गळत नाहीत’ या तीन शब्दांवर विसंबून आमच्या घरात एका मुक्या जिवाचे जे हाल झाले, ते डोळ्यांसमोर आले. तिला म्हटलं, “थोडी थांब. सगळं लिहूनच काढते. मग तूच ठरव.” तर मैत्रिणींनो, हा लेख म्हणजे त्या फोनचं उत्तर आहे.

कोकोचा झाला ‘कोकम’

२०२२ सालची गोष्ट. पुण्याच्या माझ्या नणंदेच्या यजमानांची परदेशी बदली झाली. तिकडच्या भाड्याच्या घरात कुत्रा चालणार नव्हता. मग त्यांचा दोन वर्षांचा टॉय पूडल आमच्या तालुक्याच्या गावी आला. तपकिरी रंग, कुरळे केस, काळेभोर डोळे आणि वजन जेमतेम तीन किलो! त्याचं नाव कोको. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं नव्याने केलं आणि तो ‘कोकम’ झाला.

घरात नुसता उत्साह. लेक म्हणाली, “मी फिरवून आणीन.” मुलगा म्हणाला, “मी आंघोळ घालीन.” सासूबाई म्हणाल्या, “खाऊपिऊ माझ्याकडे.” यजमान म्हणाले, “मी बघेन.” म्हणजे ते काय बघणार, हे काही कळलं नाही! विंचरण्याचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. नणंदेने ब्रश आणि स्टीलचा कंगवा दिला होता. “वहिनी, रोज विंचरायचं बरं का,” असं जाताना बजावलंही होतं. स्वयंपाक, बचत गटाच्या बैठका, सासूबाईंची औषधं यातून वेळ मिळेल तसा मी त्याच्या पाठीवरून ब्रश फिरवायची. वरून तो छान फुललेला दिसायचा. वाटायचं, झालं की काम!

पावसाळ्याचे दोन महिने गेले आणि कोकम बदलला. कानामागे हात लावू देईना. उचलायला गेलं की गुरगुरायचा. एक दिवस माझ्या बोटालाच दात लावले त्याने. त्याची रेबीजची लस झालेली होती, तरी जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतली आणि डॉक्टरांना दाखवली. घरात एकमताने ठरलं, कुत्रं लाडावलंय. चावरं झालंय. परत पाठवायचं बोलणंही सुरू झालं.

“ताई, हा चावरा नाही”

जाण्याआधी एकदा दाखवून तरी घेऊ, म्हणून गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे सगळी गाईम्हशींची गर्दी. डॉक्टरांनी कोकमचे केस दोन बोटांनी बाजूला करायचा प्रयत्न केला, तर ते बाजूलाच होईनात. मला म्हणाले, “ताई, हा चावरा नाही. याच्या जटा झाल्यात. प्रत्येक हालचालीला कातडी ओढली जातेय. तुम्ही उचललं की ठणकतंय त्याला.”

जटा! हा शब्द ऐकून मी खालीच बसले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात मी बायकांना जट काढून घ्यायला राजी करत हिंडले आहे. केस विंचरायचे राहतात, गुंता वाढतो, त्याला देवीचं नाव दिलं जातं आणि ते ओझं बाई वर्षानुवर्षं मानेवर वागवते. जटेखाली काय असतं, मान कशी दुखते, झोप कशी लागत नाही, हे मी चार घरांत जाऊन सांगते. आणि माझ्याच घरात, माझ्याच मांडीवर बसणाऱ्या जिवाच्या अंगभर जटा झाल्या होत्या आणि मला कळलं नव्हतं. बाईच्या दुःखाची बरोबरी मी करत नाही. पण गुंत्याचा नियम सगळीकडे सारखाच. तो मुळाशी असतो, वरून दिसत नाही.

जटा सोडवत बसणं म्हणजे त्याला आणखी छळणं होतं. डॉक्टरांनी मशीनने सगळे केस काढले. घोंगडीचा तुकडा निघावा तसा थरच्या थर निघाला! खाली कातडी लालभडक. काखेत जखम, कानामागे दोन टम्म फुगलेल्या गोचिडी. घरी आणलेला कोकम ओळखूच येईना. पण त्याने काय करावं? अंगणात साठलेल्या पावसाच्या पाण्यात धाडकन उडी मारली आणि गरागरा फिरत राहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो खेळत होता. माझ्या डोळ्यांना मात्र धारा लागल्या.

त्याच आठवड्यात बचत गटातल्या, धनगरवाड्यावरच्या मावशी घरी आल्या. सगळी कथा ऐकून म्हणाल्या, “अवं ताई, ह्ये कुत्रं न्हाई, मेंढरू हाय! लोकर वाढतच ऱ्हाती. आमी वर्षातनं दोनदा कातरतो. न कातरून कसं भागंल?” पुस्तकं मी नंतर वाचली. पण पूडलचं मर्म मला मावशींनी एका वाक्यात सांगितलं.

केस गळत नाहीत, म्हणजे काय होतं?

आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचे केस ठराविक लांबीपर्यंत वाढतात, गळतात, नवे येतात. पूडलचे केस मात्र वाढतच राहतात. सुटलेला केसही बराचसा खाली न पडता बाजूच्या कुरळ्या केसांत अडकतो. त्याची गाठ होते, गाठीची जट होते. म्हणजे दुसऱ्या कुत्र्याचे केस आपण झाडूने गोळा करतो, पूडलचे कंगव्याने. काम चुकत नाही, फक्त जागा बदलते!

पाण्यातला शिकारी

पावसाच्या पाण्यातली ती उडी उगाच नव्हती. पूडल म्हटलं की आपल्याला रेशमी उशीवर बसलेला, रिबीन लावलेला कुत्रा आठवतो. मूळचा तो आहे पाण्यातला शिकारी. शिकाऱ्याने बदक टिपलं की थंडगार पाण्यात पोहत जाऊन ते घेऊन यायचं, हे त्याचं काम. त्याचं मूळ जर्मनीत असल्याचं मानतात. ‘पूडल’ हे नाव पाण्यात डुंबण्यासाठीच्या जर्मन शब्दावरून आलं. फ्रान्समध्ये त्याला ‘कानिश’ म्हणतात. त्यातही बदक दडलेलंच आहे! फ्रान्सने त्याला इतकं आपलं केलं की आज तो त्या देशाचा राष्ट्रीय श्वान समजला जातो.

त्याच्या केसांची ती विचित्र फॅशन, म्हणजे कंबर भादरलेली, छातीवर झुबका, पायांत गोंडे, तीही कामातूनच आली असं सांगतात. ओले केस जड होऊ नयेत म्हणून मागचे कापायचे. छाती आणि सांधे थंडीने आखडू नयेत म्हणून तिथले ठेवायचे. पुढे दरबारी मंडळींनी त्याची फॅशन केली.

या नटव्या रूपापायी पूडलला टोमणेही खूप खावे लागले. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या बाई होत्या. त्या मोठे, स्टँडर्ड पूडल पाळायच्या. लोक म्हणायचे, हे काय कुत्रे, नुसत्या बाहुल्या! बाईंनी वाद घातला नाही. १९३३ साली न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को इथे त्यांनी कुत्र्यांच्या आज्ञापालनाची स्पर्धाच भरवली. दिसण्याला गुण नाहीत, कामाला गुण. १९३७ मध्ये त्या आणि त्यांच्या सहकारी ब्लँश सॉन्डर्स मोटारीला ट्रेलर जोडून, आपले पूडल घेऊन निघाल्या. सुमारे दहा हजार मैलांच्या प्रवासात गावोगावी त्यांनी प्रात्यक्षिकं दाखवली. आज अमेरिकेत होणाऱ्या आज्ञापालनाच्या स्पर्धांची मुळं या दोघींच्या खटपटीत आहेत. दिसण्यावरून नाव ठेवणाऱ्यांना काम करून उत्तर द्यायचं, हे आपल्याला काय नवीन आहे का?

हुशारीची दुसरी बाजू

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिलं. काम आणि आज्ञा शिकण्यात त्यांनी पूडलला दुसरा क्रमांक दिला. पहिला बॉर्डर कोली. कोकमची हुशारी आम्ही रोज बघतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली की तो सासूबाईंच्या पाटाजवळ हजर! माझी पिशवी खुंटीवरून निघाली की कोणती बाजाराची आणि कोणती बैठकीची, तेही त्याला कळतं.

पण हुशार मूल रिकामं बसलं की काय होतं? तसंच हे. दिवसभर एकटं ठेवलं तर पूडल भुंकून घर डोक्यावर घेतो, चपला कुरतडतो, कधी स्वतःचेच पाय चाटत बसतो. लहान असला तरी त्याला दोन वेळा फिरणं, थोडा खेळ आणि माणसांची सोबत लागते. आईबाबा नोकरीला, मुलं शाळेत आणि घराला कुलूप, अशा घरात त्याला आणणं बरं नव्हे.

पूडल तीन आकारांत प्रसिद्ध आहे. अमेरिकन मापाप्रमाणे खांद्यापाशी दहा इंचांपर्यंत उंच तो टॉय, दहा ते पंधरा इंचांचा मिनिएचर आणि त्याहून उंच तो स्टँडर्ड. टॉय साधारण दोन-तीन किलोंचा, मिनिएचर साडेचार ते सात किलोंचा, तर स्टँडर्ड अठरा ते बत्तीस किलोंपर्यंत जातो. युरोपात ‘मध्यम’ असा आणखी एक आकार मानतात. ‘टीकप पूडल’ नावाची वेगळी जात मात्र नाही. तो विकणाऱ्यांचा शब्द. अतिशय लहान पिल्लांची हाडं नाजूक, साखर पटकन उतरते. त्या मोहात पडू नका.

ॲलर्जी होत नाही, हे खरं का?

नणंदेच्या मुलाला शिंका यायच्या, म्हणूनच तिने पूडल घेतला होता. पण ॲलर्जी नुसत्या केसांची नसते. ती कुत्र्याची लाळ, कातडीचा कोंडा, लघवी यांतल्या प्रथिनांची असते. केस हे फक्त त्यांचं वाहन. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘ॲलर्जी न करणारे’ म्हणून ओळखले जाणारे कुत्रे आणि इतर कुत्रे, अशा दोन्ही प्रकारच्या घरांतली धूळ तपासली गेली. ॲलर्जीच्या घटकांत लक्षणीय फरक आढळला नाही. एखाद्याला पूडलजवळ खरंच कमी त्रास होतो, नाही असं नाही. पण ‘होणारच नाही’ ही हमी कुणी देऊ शकत नाही. घरात कुणाला दमा असेल तर आधी पूडल असलेल्या घरी दोन-चार वेळा जाऊन बसा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या.

या समजुतीतूनच ‘लॅब्राडूडल’ जन्माला आला. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांना हवाईहून एका दृष्टिहीन बाईंची विनंती आली. त्यांना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण यजमानांना कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. कॉनरननी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तर त्यातलं एकच पिल्लू चाललं! पुढे लोकांनी वाटेल तसे संकर करून बाजार मांडला, तेव्हा या कामाचा आपल्याला पस्तावा होतो, असं खुद्द कॉनरन यांनीच सांगितलं.

रोजची निगा

आता आमच्या घरी जे ठरलंय ते सांगते.

* रोज रात्री वीस मिनिटं विंचरायचं. वरवर नाही. केसांचा भांग पाडून, मुळापासून टोकापर्यंत, एकेक थर. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीलगत घालून बघायचा. अडला तर तिथे गाठ आहे.
* कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि पट्ट्याखाली गुंता आधी होतो. सुरुवात तिथून.
* आधी विंचरणं, मग आंघोळ. गाठी ओल्या झाल्या की आणखी आवळतात. तीन-चार आठवड्यांनी एक आंघोळ, कुत्र्यांच्याच शाम्पूने, आणि नंतर मुळापर्यंत कोरडं करायचं. पावसाळ्यात तर नक्कीच.
* चार ते सहा आठवड्यांनी केस कापायचे. आमच्या गावात सोय नाही. मशीन आणून मी शिकले. केस आखूडच ठेवते. उन्हाळ्यात मात्र अगदी कातडीपर्यंत भादरू नये, ऊन भाजतं.
* लोंबत्या, केसाळ कानांत ओल राहते आणि कान चिघळतो. वास आला किंवा कुत्रा डोकं झटकायला लागला की डॉक्टरांकडे. डोळ्यांचे कोपरे रोज ओल्या कापडाने पुसायचे.
* बोटांनी चाचपून रोज गोचीड बघायची. गोचिडीच्या तापाने कुत्रे दगावतात. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने.
* आपल्या ताटातलं द्यायचं नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांना विषारी. शिऱ्यातला एक बेदाणासुद्धा नको, हे सासूबाईंना पटवायला मला महिना लागला!
* लहान पूडलच्या गुडघ्याची वाटी सरकणं, दात खराब होणं, श्वासनलिका दबणं असे त्रास होतात. मोठ्यांमध्ये पोट फुगून पीळ बसणं आणि खुब्याचे आजार. डोळ्यांचा आनुवंशिक आजारही या जातीत आहे. बारा ते पंधरा वर्षांची सोबत असते, तेवढ्या वर्षांच्या खर्चाचा आणि लशींचा विचार आधीच हवा.

पिल्लू आणताना

२०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. फोनवर फोटो बघून, बसस्टँडवर खोक्यातून पिल्लू घेऊ नका. पिल्लाची आई बघायला मागा. ती कुठे राहते, कशी दिसते, लोक तिला कसं वागवतात, हे बघितलं की निम्मी उत्तरं मिळतात. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर सरळ मागे फिरा. आणि आमच्या कोकमसारखा, कुणाला ठेवता येत नाही असा मोठा कुत्राही मिळू शकतो. तो पिल्लाइतकाच जीव लावतो.

कुत्रा घराचा, काम कुणाचं?

आता मुख्य मुद्दा. कुत्रा येतो मुलांच्या हट्टाने, मिरवतो पाहुण्यांपुढे आणि त्याचं करणं शेवटी येतं घरातल्या बाईवर. आधीच तिच्याकडे बारा कामं, त्यात हे तेरावं. मग ते वरवर होतं आणि शिक्षा भोगतो तो मुका जीव. कोकमचे हाल झाले ते माझ्यामुळेच, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी सगळ्यांना समोर बसवलं. केसांचा तो थर पिशवीत घालून आणला होता, तो जमिनीवर ठेवला. म्हटलं, “हे एकट्या माझं नाही. आपल्या सगळ्यांचं आहे.”

कुणी काही बोललं नाही. पण रात्री स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लेकीने वार वाटून दिले. सोमवार-मंगळवार ती, बुधवार-गुरुवार मुलगा, शुक्रवार-शनिवार मी. रविवार यजमानांचा. सुरुवातीला कंगवा कसा धरायचा तेही त्यांना ठाऊक नव्हतं. आता क्रिकेट बघता बघता असे छान भांग पाडतात की विचारू नका! ‘मी बघेन’चा अर्थ शेवटी लागला म्हणायचा. नणंदेची बदली लांबत गेली आणि कोकम आमचाच झाला.

तेव्हा मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसव आणि एकच विचार, “रोज वीस मिनिटं, पुढची पंधरा वर्षं, कोण विंचरणार?” निदान दोन हात वर झाले, आणि त्यांतला एकही तुझा नसला, तर खुशाल आण पूडल. त्याच्याइतका समजूतदार सोबती मिळणार नाही. सगळे तुझ्याकडेच बघायला लागले तर लेकीला सांग, सध्या नको. फारच हौस असेल तर गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू आण. जीव तोही तेवढाच लावेल, आणि त्याच्या आखूड केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरेल.

हे लिहितेय तेव्हा कोकम माझ्या पायाशी बसलाय. आज शुक्रवार. माझी पाळी आहे आणि ते त्याला माझ्याआधी आठवलंय. कंगवा तोंडात धरून वाट बघतोय!